हातगाडीवरचं लॉन

नागावच्या अलीकडे एका तळ्याकाठी सात बंगले आहेत. त्यांच्या बागा सांभाळायचं कंत्राट माझ्याकडे होतं. हाताखाली दोघं. एक साठी ओलांडलेली काकी, जिला कुठलं झाड कुठल्या साली लावलं ते पाठ. दुसरा आमचा गडी, आधी मासेमारीच्या होडीवर असलेला. तो गुलाबाला पाणी घालतानाही होडी हलत असल्यासारखा पाय फाकून उभा राही.

त्या उन्हाळ्यात तळं पार आटलं. बंगल्यांच्या गच्चीवरून दिसायचा फक्त चिखल. विहिरींचं पाणी मचूळ झालं. नळाचं पाणी बागांना घालायचं नाही असं ग्रामपंचायतीनं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पण लॉनचा पापड झाला. चाललं की पायाखाली कुरकुर वाजायचं.

शेवटच्या बंगल्याचे मालक मुंबईत राहत. रोज सकाळी नऊला त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा.

"मॅडम, लॉन दाखवा. ते हिरवं बघितलं की माझं बीपी ताळ्यावर राहतं."

आता अशा माणसाला खरं कसं सांगायचं? मोरीच्या मागे, काकी डबे धुवायची तिथे, चटईएवढा तुकडा हिरवागार राहिला होता. मी फोन जमिनीला टेकवून रोज तोच दाखवायचे. मालक समाधानाने सुस्कारा टाकायचे आणि मला दिवसभर लाज वाटायची.

आठवडाभराने ते म्हणाले, "उद्या झोपाळ्याजवळचं दाखवा. मग फाटकाजवळचं."

मी डोक्याला हात लावून बसले. काकी म्हणाली, "तुकडा हिरवा हाय ना? मग उचला नि न्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो मुळांसकट फावड्याने सोलून काढला आणि एकचाकी हातगाडीत पसरला. फोन वाजला. झोपाळ्याजवळचं छान पार पडलं. मी कॅमेरा गवताला चिकटवूनच ठेवला होता.

"आता फाटक," मालक म्हणाले.

गडी गाडी घेऊन पळाला, त्याच्यामागे वाकून मी, फोन पुढे धरून.

"मॅडम, लॉन पुढे पुढे का जातंय?"

"वारा आहे, सर."

फाटक उघडं होतं. तिथून एक म्हैस आत आली. महिनाभर तिने हिरवं पान बघितलं नसावं. तिने सरळ गाडीत तोंड घातलं. गड्याने गवताचं दुसरं टोक धरलं आणि जाळं ओढावं तसा ओढू लागला. फोनवर आता फक्त एक भलंमोठं ओलं नाक दिसत होतं.

"हे कोण?" मालक ओरडले.

काकी शांतपणे फोनमध्ये वाकली. "म्हस हाय, शेठ."

गवत फाटलं. गडी अर्धा तुकडा घेऊन जास्वंदीत पडला. फोनमधून घुसमटल्यासारखा आवाज यायला लागला. बीपी! घाबरत स्क्रीनकडे बघितलं तर मालक डोळे पुसत हसत होते.

मग मी फोन वर उचलला आणि सगळं दाखवलं. पिवळं लॉन, भेगाळलेलं तळं, रिकामी टाकी.

"इतके दिवस मी काय बघत होतो?"

"मोरी, सर."

ते पुन्हा हसायला लागले. म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत राहू दे ते. झाडं तेवढी जगवा." बाकीच्या सहा मालकांनाही त्यांनीच फोन करून समजावलं. मला कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेता आला.

संध्याकाळी म्हशीचा मालक फाटकाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, माफी मागायला आला.

"ताई," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सकाळधरनं ती पेंढ्याला तोंड लावत न्हाय. काय खायला घातलंत तिला?"