व्याह्याच्या जागेत निघालेला वीरगळ

नोकरीत बरेच तपास केले. त्यातले निम्मे आता विसरलो, पण गेवराईच्या बाजूच्या त्या दोन व्याह्यांचं प्रकरण आठवलं की अजूनही हसू येतं. खरी नावं सांगणार नाही. मुलाचे वडील ते नाना आणि मुलीचे वडील ते बापू, एवढं पुरे.

दोघं एकाच गावचे. हायवे रुंद झाला तशी दोघांच्याही रस्त्यालगतच्या जमिनींना किंमत आली. बापू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी मंगल कार्यालय काढायचं ठरवलं, बिगरशेतीची आणि बांधकामाची परवानगी मिळवली आणि आयुष्याची पुंजी त्यात घालून पायाचे खड्डे घेतले. नानांनाही थोडं पुढे मंगल कार्यालयच काढायचं होतं. त्यांचा अर्ज मात्र अजून नगररचना कार्यालयात पडून होता.

एके सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने तो माझ्याकडे दिला.

"साहेब, बापूंच्या खड्ड्यात पुरातन वीरगळ निघालाय. काम ताबडतोब थांबवा. वारसास्थळाच्या भवती बांधकामाला मनाई असती. कायद्यातच हाय तसं."

मला तिथेच खटकलं. जमिनीतून असं काही निघालं की गावातला माणूस आधी नारळ आणतो, मग पाहुण्यांना कळवतो. कायद्याचा हवाला देऊन पोलिसांना फोन करणारा भाविक मी तोवर पाहिला नव्हता. नंबर हायवेवरच्या चहाच्या टपरीवाल्याचा निघाला. तो म्हणाला, "कुणी मागितला आठवत न्हाई साहेब. सगळेच मागत्यात."

आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्याभोवती जत्रा भरली होती. आत लढाईत पडलेल्या कुणा वीराच्या आठवणीचा कोरीव दगड उभा होता आणि त्याला हळदीकुंकू वाहून झालं होतं. पंचनामा लिहून होईपर्यंत माझ्या जमादाराच्या कपाळालाही कुंकू लागलं.

बापू मातीच्या ढिगाऱ्यावर बसले होते. "साहेब, काल सांजच्याला मी सोता खड्ड्यात उतरलतो. नुसती माती व्हती."

शेजारी नाना उभे होते. "पाव्हणं, वाईट वाटून घिऊ नका," ते बापूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "आपल्या जमिनीत इतिहास निघाला, लई मोठं भाग्य हाय. बांधकाम मातर आता इसरायचं."

तहसीलदारांनी काम थांबवलं. पुरातत्त्व विभागाचा अभिप्राय येईपर्यंत परवानगी स्थगित, असं नगररचना कार्यालयानेही कळवलं. बापूंनी जेवण सोडलं. त्यांची लेक नानांच्या घरी नांदत होती, त्यामुळे कुणावर संशय आहे का, या माझ्या प्रश्नावर ते जमिनीकडे बघत "न्हाई" म्हणाले.

पुढे पुरातत्त्वच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. त्या दगड बघत असतानाच नानांची बायको आरतीचं ताट घेऊन दर्शनाला आली. तिने दगडाकडे पाहिलं, वाकून त्याची कड चाचपली आणि ताट खाली ठेवलं.

"ह्यो तर आमच्या बारवंवरचा धुण्याचा दगड हाय."

"कायबी बोलू नको," नाना म्हणाले.

"कायबी कावून? लग्न झाल्यापून ह्याच्यावर धुणं आपटलं म्या. ह्यो कोपरा माझ्या बादलीनं उडालाय. परवा दगड दिसंना म्हणून तुमालाच इचारलं, तर म्हणलात वाहून गेला आसंल. भर उन्हाळ्यात."

अधिकारी बाईंनी दगड फिरवायला लावला. मागची बाजू घासून गुळगुळीत झालेली, आणि भेगांमध्ये साबणाचा पांढरा थर.

नानांना ठाण्यात आणलं. मागोमाग बापूही आले. जबाब राहिला बाजूला, "पाव्हण्यांना खुर्ची द्या साहेब," "न्हाई, आधी बापूंना द्या," यातच दोघं उभे राहिले. शेवटी मी बापूंना बाहेर बसवलं.

नाना कबूल होईनात. दगड कुणीही उचलला असेल, म्हणत राहिले. माणूस गुन्हा लपवतो, पण आपली हुशारी त्याला लपवता येत नाही, हा माझा अनुभव. मी म्हणालो, "नाना, हे काम तुमचं नव्हेच. एवढा कायदा तुम्हाला कुठून माहीत? कुण्या वकिलाने शिकवलं असणार."

नाना ताठ झाले. "वकिलाला काय कळतंय? माझा अर्ज अडला तवा नगररचनेचे सगळे नियम मी सोता वाचून काढलेत."

मग ट्रॅक्टरला लोडर लावून रातोरात दगड कसा हलवला आणि टपरीवाल्याचा फोन मागून खबर कशी दिली, तेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. ऐकत ऐकत जबाब लिहून झाला.

नानांची खरी अडचण पुढेच होती. अधिकारी बाईंनी दगड जिथला होता ती बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, बघायला मागितली. बारव नानांच्या नियोजित मंगल कार्यालयाच्या जागेत होती आणि ते ती एका बाजूने मुरूम टाकून बुजवत होते. मुरूम काढल्यावर खाली पायऱ्या, कोनाडे आणि आणखी कोरीव दगड निघाले. थोडे दिवस उशीर झाला असता, तर त्यावर जेवणाच्या पंगती बसल्या असत्या.

बापूंना परवानगी परत मिळाली. बारवेची नोंद वारसास्थळ म्हणून झाली आणि भोवतीच्या पट्ट्यात पुरातत्त्वच्या मान्यतेशिवाय वीटही रचायची नाही, असं ठरलं. बापूंनी तक्रार दिली नाही. खोटी खबर देऊन सरकारी यंत्रणा कामाला लावल्याबद्दल आम्ही नानांविरुद्ध न्यायालयात अहवाल पाठवला, त्यांना दंड झाला.

निवृत्तीनंतर एकदा त्या रस्त्याने जाताना मुद्दाम थांबलो. बारव स्वच्छ होती. नाना काठी घेऊन काठावर बसले होते. "शेजारच्यानं हितं पत्र्याचं शेड ठोकायला काढलंय साहेब," ते म्हणाले. "कलेक्टर हापिसात अर्ज दिऊन आलो. माझं हुईना, तर त्याचं कसं हुईल?"

वारसा जपायला इतिहासाची गोडी असलेली माणसं लागतात, असं मी समजत होतो. तशी मिळाली तर उत्तमच. पण नियम नीट लिहिलेला असला, तर ज्याचं बांधकाम अडलंय असा एक माणूसही राखणीला पुरतो, आणि तो पगारही मागत नाही.