थेंबेकाका आणि विरघळलेले स्फटिक

थेंबे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं ते थेंब टाकत होते, म्हणून कुणीतरी कधीतरी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मी शेजारच्या खोलीत क्ष-किरणांचं यंत्र सांभाळायचो. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो.

एखाद्या प्रथिनाचा आकार बघायचा तर आधी त्याचा स्फटिक हवा. साखरेच्या दाण्यासारखा, पण त्याहून कितीतरी बारीक. त्यावर मी किरण सोडायचो आणि ते कसे विखुरतात त्यावरून गणित करून अणू न् अणू कुठे बसलाय ते कळायचं. पण स्फटिक आधी यायला हवा ना! काका चोवीस खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये प्रत्येक खळग्यात वेगळं खारं पाणी भरायचे, काठाला ग्रीस लावायचे, काचेच्या चकतीवर प्रथिनाचा आणि त्या पाण्याचा मिळून एक थेंब ठेवायचे आणि चकती उलटी करून खळग्यावर झाकायचे. थेंब लोंबकळत राहतो, हळूहळू आटतो. बहुतेक वेळा नासलेल्या दुधासारखा फुटतो. हजारात एखादा पावतो.

त्या वर्षी आमच्या मॅडमच्या हाताखाली संशोधन करणारी एक मुलगी चौथ्या वर्षात होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमशीही ती मुद्द्यावर भांडायची, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणायचे. तिच्या वाट्याला एका जिवाणूतलं प्रथिन, एक एन्झाइम, आलं होतं. औषध दिलं की हे एन्झाइम त्याचेच तुकडे पाडायचं. त्याचा आकार कळला तर त्याला चकवणारं औषध शोधता आलं असतं. चार वर्षं ती प्रथिन शुद्ध करून आणत होती आणि काका थेंब टाकत होते. स्फटिकाचा पत्ता नाही.

“काका, हे माझ्यासारखंच आहे,” ती म्हणायची. “कुणाशी जुळवून घेत नाही.”

“घेईल गं. हट्टी लेकरं उशिरा बोलतात.”

एका शुक्रवारी मॅडमनी थंड खोलीतले सहा महिन्यांवरचे ट्रे काढून टाकायला सांगितले. नव्यांना जागाच उरली नव्हती. टाकण्याआधी प्रत्येक थेंब एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, असा नियम होता. पण काकांना मोतीबिंदू झाला होता आणि तो ते लपवत होते. थेंब बघणाऱ्याच्या डोळ्यात पडदा म्हणजे उद्या कारकुनीला बसवतील, ही धास्ती. वकीलबाईचे सोळा ट्रे होते. दोन बघून झाले तोवर डोळ्यांना धार लागली. मागच्या महिन्यात नुसता गाळ होता, आता काय वेगळं असणार, असं म्हणून बाकीचे चौदा त्यांनी उघडून सरळ ब्लीचच्या बादलीत ढकलले.

हात बाहेर काढताना एक चकती ग्रीसमुळे हातमोज्याला चिकटून वर आली. झटकण्याआधी त्यांनी सवयीने ती दिव्यासमोर धरली. काहीतरी चमकलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तीन स्फटिक, चौकोनी, धारदार कडांचे. काका बघत असतानाच चकतीच्या काठावरचं ब्लीच ओघळून थेंबात मिसळलं. आधी कोपरे बोथट झाले, मग कडा गेल्या, मग नुसतं पाणी.

“मिनिटभरसुद्धा नाही रे,” ते मला पुढे म्हणाले. “मी ओरडलोही नाही. ओरडून काय थांबणार होतं?”

ती चकती कुठल्या ट्रेची, कुठल्या खळग्यावरची, हे कळायला मार्ग नव्हता. पण वकीलबाईच्या वहीत चौदाही ट्रेंची कृती लिहिलेली होती आणि फ्रीझरमध्ये तिचं थोडं प्रथिन शिल्लक होतं. काकांनी मनाशी ठरवलं, सगळे थेंब गुपचूप पुन्हा टाकायचे. आधी स्फटिक तिच्या हातात ठेवायचा, मग कान धरून चूक कबूल करायची. दोन आठवड्यांत त्यांनी तीनशे छत्तीस थेंब टाकले आणि ट्रे मागच्या कप्प्यात ठेवले.

पहिल्या खेपेला सहा महिने लागले होते. तेवढे आता तिच्याकडे नव्हते. शिष्यवृत्ती संपत आली, घरचे परत ये म्हणून मागे लागले आणि चौथ्या महिन्यात तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ती थंड खोलीत काकांचा निरोप घ्यायला आली.

“काका, खरं सांगाल? कधीच काही दिसलं नाही? एखादा कण, एखादी कड?”

ट्रे दोन हातांवर होते. पण ते रिकामे निघाले तर?

“नाही गं, पोरी.”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली. “माझ्या हातालाच यश नाही.”

त्यानंतर अडीच महिन्यांनी दोन खळग्यांत स्फटिक आले. मीच त्यांच्यावर किरण सोडले. पडद्यावर ठिपके ओळीने उमटले तेव्हा काका माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाने. ‘जुनं प्रथिन उरलं होतं, म्हटलं बघू टाकून,’ एवढंच त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पुढचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याने पुरं केलं. शोधनिबंधावर वकीलबाईचं नाव चौथं आलं.

काका निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच आठवड्यात ते चार तास बसने तिच्या गावी गेले. ती शाळेत विज्ञान शिकवत होती. शिक्षकांच्या खोलीत, वह्यांच्या गठ्ठ्यासमोर बसून काकांनी एका दमात सगळं सांगितलं.

तिने लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मी तुम्हाला विचारलं होतं, काका.”

“हो.”

“ट्रे कुणाच्याही हातून जातो. माझ्या हातून काय कमी गेलेत? पण मी विचारलं होतं.” मग ती म्हणाली, “‘दिसला होता’ एवढं म्हणाला असतात, तर घरच्यांशी भांडून मी वर्षभर काढलं असतं.”

काकांनी हात जोडले. तिने ते खाली केले. “नका असं करू. मुलं येतात इथे.” घंटा झाली तशी ती वह्या उचलून वर्गावर गेली.

परतल्यावर काका थेट मॅडमकडे गेले. मॅडम त्यांना खूप बोलल्या. ‘मी तिला जाऊच दिलं नसतं,’ म्हणाल्या. त्यांनी शोधनिबंधात दुरुस्ती छापून तिचं नाव पहिलं लावलं, आणि ‘परत ये, राहिलेला प्रबंध पुरा कर’ म्हणून फोन केला. तिने आठवडाभराची मुदत मागितली आणि नाही म्हणून कळवलं. तिची मुलगी दोन वर्षांची होती. शिवाय सहा वर्षांत हाताची सवय सुटली, म्हणाली.

हे सगळं काकांनी मला संस्थेच्या फाटकाबाहेरच्या बाकावर सांगितलं. “पण स्फटिक तुम्हीच परत आणलेत ना,” मी म्हणालो.

“आणले रे,” ते म्हणाले. “तिला दाखवायचे राहिले.”