एका चोरीच्या पाच नोंदी

मुलांनो, तुमची आई संगणकावर काम करते हे तुम्ही रोजच बघता. ते काम तिच्या हातून जाता जाता राहिलं, आणि गेलं असतं तर माझ्या एका वहीमुळे गेलं असतं. हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार, म्हणून मी लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. कुठे अडलात तर तिच्याकडूनच वाचून घ्या.

तेव्हा आम्ही नल्लकुंट्यात राहत होतो. घराघरात केबलची तार आली होती, रस्त्यावर नव्या मोटारी दिसत होत्या आणि प्रत्येक भिंतीवर संगणकाच्या वर्गांच्या जाहिराती चिकटवलेल्या असत. त्याबरोबर चोऱ्यांच्या गप्पाही वाढल्या. “पूर्वी दार नुसतं लोटून आपण सुलतान बाजारला जात होतो हो,” असं जी ती म्हणे. मला असलं मोघम बोलणं आवडत नाही. मी शिकले त्या इंग्रजी शाळेत मुख्याध्यापिकांची शिस्त होती की तक्रार करायची तर लिहून आणायची: काय, कुठे, कधी, कोणाचं. मी एक वही आखली, चार रकाने पाडले आणि कानावर चोरी आली की त्याच दिवशी नोंद करू लागले. शेजारणी कौतुकाने वही बघायला येत. खरं सांगते, मला त्याचा थोडा गर्व होता.

त्या वर्षी तुमच्या आईला अमीरपेठेतल्या एका वर्गात प्रवेश मिळाला. दिवसा तिचं कॉलेज, संध्याकाळच्या बॅचेस भरलेल्या. उरली ती पहाटे सहाची. त्यासाठी सव्वापाचला घरातून निघून दोन गल्ल्या चालत बसच्या थांब्यावर जायचं. शनिवारपर्यंत नाव नोंदवायचं होतं.

तुमचे आजोबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, “तुझ्या आईच्या वहीला विचार.”

वही नाही म्हणत होती. दोन महिन्यांत गळ्यातलं सोनं ओढून नेल्याच्या पाच नोंदी, पाचही पहाटेच्या, पाचही बायका दारात रांगोळी घालत असताना. मी तिला वाचून दाखवल्या. गौलीगुड्याच्या मामींची नणंद. शाळेतल्या बाईंची विहीण. निवृत्त पोस्टमास्तरांची सून. देवळात भेटणाऱ्या काकूंची शेजारीण. पाचवी भाजीवालीने सांगितलेली, ‘मुग्गू घालणारी अम्मा’. मुग्गू म्हणजे तेलुगूत रांगोळी.

“पण माझ्या गळ्यात काहीच नसतं, आई. काय ओढतील?”

“तुला ओढतील,” मी म्हणाले.

ती जेवायला बसली, भाताची चार शितं चिवडली आणि उठली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी गौलीगुड्याच्या त्या मामींकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ आणि पन्हं घेऊन आम्ही बायका सतरंजीवर बसलो होतो. दारातून एक पन्नाशीच्या बाई आल्या. मानेवर उजवीकडे जुना वळ अजून दिसत होता, आणि गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत. मामी म्हणाल्या, “या नणंदबाई.” मी मनात म्हटलं, ही माझी पहिली नोंद. तेवढ्यात शाळेतल्या बाई सरकून बसल्या, “इकडे या विहीणबाई, माझ्याजवळ.” मागून कोणीतरी विचारलं, “सासऱ्यांचं कसं आहे? अजून पोस्टातल्या गोष्टी सांगतात का?”

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. आम्ही कुणी कुणाला नावाने ओळखतच नव्हतो. प्रत्येकीने आपल्या नात्याने सांगितलं, आणि मी प्रत्येक नात्याची वेगळी बाई केली. तारीखही मी चोरीची लिहिली नव्हती, ऐकल्याची लिहिली होती. मुख्याध्यापिका असत्या तर बाकावर उभं केलं असतं.

तरी मी सरळ विचारलं, “बाई, तुमचं किती वेळा नेलं?”

“अगं बाई! एकदाच हो,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा न्यायला ठेवलंय काय?”

सगळ्या हसल्या. मग त्यांनी सांगितलं. स्कूटरवरून दोघे आले, एकाने विचारलं, पोस्टाफिस किधर है? त्या हात करून दाखवायला लागल्या, तोवर दुसऱ्याने मागून हिसडा दिला. “मी ओरडले तशा समोरच्या चौघी धावल्या. एकीने रांगोळीचा डबा फेकून मारला. हौ ना! मेला पांढराफटक होऊन पळाला. रस्त्याकडे पाठ करून बसले, ती माझी चूक. आता तोंड रस्त्याकडे करून घालते. येणाऱ्याला रांगोळी उलटी दिसते. दिसू दे.”

मी तुमच्या आईच्या वर्गाचं सांगितलं. त्यांचं घर थांब्यापासून तिसरं होतं, देवळातल्या काकूंच्या शेजारचं, आणि आमची भाजीवालीही रोज त्याच दारात भाजी द्यायची.

“पाठवा हो बिनधास्त. पाच वाजता अख्खी गल्ली अंगणात असते. रात्रीपेक्षा तेव्हाच जास्त डोळे उघडे.”

घरी येऊन मी चपला काढायच्या आधी वही काढली आणि पट्टी लावून चार नोंदी खोडल्या. एक राहिली. शिवाय एक सायकल आणि एक तांब्याचा बंब, ते खरेच गेले होते.

“पाच चोऱ्यांना एकच बाई पुरली!” तुमचे आजोबा हसत सुटले. तुमची आई हसली नाही. “म्हणजे मी जाऊ?” एवढंच तिने विचारलं. शनिवारी नाव नोंदवलं.

सोमवारी सव्वापाचला ती निघाली. मी फाटकाशी रांगोळीचा डबा घेऊन बसले होते. ती जसजशी पुढे गेली तसतसं एकेका दारातलं वाकलेलं डोकं वर झालं, आणि ती पुढे गेल्यावर पुन्हा वाकलं. कोपऱ्यावरून ती वळली तेव्हा कितीतरी दिवसांनी माझा श्वास पोटापर्यंत गेला.

साडेआठला परत आली ती कुरकुरत. “आई, सात जणींनी विचारलं कुठे चाललीस गं. एकीने डब्यात काय आहे तेही विचारलं. तू सगळ्यांना सांगून ठेवलंस ना?”

“फक्त एकीला,” मी म्हणाले, आणि तिला गरम भात वाढला. तिने दोनदा मागून घेतला.

वर्ग संपेपर्यंत मी रोज रस्त्याकडे तोंड करून रांगोळी घातली. पाहुण्यांना आमच्या दारातली कमळं उलटी दिसायची. कोणी विचारलं तर मी सांगत असे, आमच्याकडे तशीच पद्धत आहे.