चार साहेबांचे रविवार

माझा भाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा भाईंदरला आमच्या दोन खोल्यांत राहत असे. बहिणीचे गाव रत्नागिरीकडे आत, तिथून कॉलेज लांब. म्हणून अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, झाल्यावर तो आमच्याकडे आला. एकोणीसशे सत्तर उलटून एक-दोन वर्षे झाली होती. घरामागे मिठागरे आणि पुढे विहीर, इतकाच आमचा परिसर.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरीला होतो. काय किती आले, किती गेले, किती शिल्लक, हे जुळवायचे काम. ती सवय घरी आल्यावरही सुटत नाही. त्यामुळेच माझ्या लक्षात आले की भाच्याचे रसायनशास्त्राचे पुस्तक सोमवारी ज्या पानावर उघडे होते, गुरुवारीही त्याच पानावर आहे. त्या पानावर काचेच्या नळ्यांची एक आकृती होती. भाचा रोज जेवून त्या आकृतीसमोर बसे, पेन्सिल हातात धरे, पण पान उलटत नसे.

मी बायकोला म्हटले, "हा वाचत नाहीये."

"मग काय करतोय? बसलेला तर असतो."

"बसतोय. वाचत नाही."

"तुम्हाला बरं कळतं! स्टोअरमधला डबा आहे का तो, हलवून बघायला?"

डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली आणि टॉनिक लिहून दिले. बाटली निम्मी झाली तरी पान तेच. या थकव्याला आज नावे आहेत. तेव्हा आमच्या लोकांत दोनच निदाने होती, अशक्तपणा किंवा माज. डॉक्टरांनी पहिले केले, भाच्याच्या काकांनी दुसरे.

काका परळला गिरणीत होते आणि त्या घराण्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. आमच्याकडे मुलगा शेवटच्या वर्षाला गेला की मोठ्या माणसाने ओळखीच्या साहेबाकडे शब्द टाकायचा अशी पद्धत. शब्द टाकला की मुलाने अधूनमधून जाऊन तोंड दाखवायचे, नाहीतर साहेब विसरतात. काकांनी चार ठिकाणी शब्द टाकला होता. काशीमीऱ्याला एका गोदामाचे मॅनेजर, उत्तनला एक शाळामास्तर, दहिसरला एक बँकवाले आणि बोरिवलीला रेल्वेतले एक अधिकारी. महिन्याचे चार रविवार, चार साहेब. मांडणी चोख होती.

मी कोणाही साहेबाला ओळखत नसल्यामुळे माझ्याकडून शब्दाची कोणी अपेक्षा केली नव्हती. भाचा माझ्याशी बोलला तो बहुधा म्हणूनच. विहिरीवर पाणी काढताना मी सहज विचारले, "त्या आकृतीत एवढं काय आहे रे?"

तो ओशाळून हसला. "काही नाही मामा. एक ओळ वाचतो, खालच्या ओळीवर येतो, तोवर वरची गेलेली असते."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर." मग आपणहून सांगू लागला. "गोदामवाले म्हणाले टायपिंग शीक, म्हणून सकाळी क्लास लावला. बँकवाले म्हणाले हिशेबाची पद्धत बघून ठेव, म्हणून संध्याकाळी त्याचा क्लास. रेल्वेवाले म्हणतात इंग्रजी पेपर मोठ्यानं वाच. मास्तर म्हणतात बी.एड. कर. चौघांनाही हो म्हटलंय."

"आणि तुला काय करायचंय?"

दोर हातात धरून तो तसाच उभा राहिला. बादली मध्येच लोंबकळत होती.

"ते मी बघितलंच नाही," तो म्हणाला. मग बादली वर घेत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "यंदा परीक्षेला बसत नाही मामा. ड्रॉप घेतो."

बहिणीच्या गावची ड्रॉप घेतलेली मुले मला ठाऊक होती. त्यांतला एकही पुन्हा परीक्षेला बसला नव्हता. कोणी दुकानात चिकटला, कोणी गावी परतला. परीक्षा एप्रिलमध्ये होती आणि थंडी सरत आली होती.

पुढच्या आठवड्यात काका आले तेव्हा मी विषय काढला. म्हटले, रविवारच्या भेटी परीक्षेपर्यंत बंद ठेवू. काका उसळले.

"शब्द टाकलाय मी! पोरगं जात नाही म्हटल्यावर माझी काय किंमत राहील? माज आलाय त्याला. तुमच्याकडे लाड जास्त होतायत."

"साहेबांना तोंडच दाखवायचं ना?"

"मग?"

"मी जातो."

"तुम्ही?"

"मलाही तोंड आहे."

यात नेमके कुठे चुकतेय ते काकांना सापडेना. शेवटी म्हणाले, "जा. पण शर्ट तरी बरा घाला."

अशा रीतीने मी साहेब बघायला निघालो. खरे सांगायचे तर मला उत्सुकताच होती. काशीमीऱ्याच्या गोदामात मॅनेजरांच्या टेबलासमोर बाकावर तीन मुले फायली मांडीवर घेऊन बसली होती. तिघांसाठीही कोणी ना कोणी शब्द टाकलेला. मी भाच्याचे नाव सांगितले तर मॅनेजर म्हणाले, "कोण तो?" इतके महिने तोंड दाखवून ही गत.

उत्तनला मास्तर चर्चमधल्या प्रार्थनेहून यायचे होते. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि मास्तरांची आई राखण करत बसली होती. मी कोण ते तिने विचारून घेतले.

"मागल्या खेपंला पोर आलता, आता मामा. पुढल्या खेपंला आजा येल काय?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "पोर लय सुकलाय तुमचा. आमी बोंबील पन एवढा सुकवत न्हाय."

तिचे निदान मला डॉक्टरांपेक्षा पटले.

बँकवाले भेटलेच नाहीत. बोरिवलीचे अधिकारी मात्र आनंदाने भेटले. ते मागच्याच वर्षी रिटायर झाले होते आणि हे काकांना ठाऊकच नव्हते.

"माझ्या हातात आता काही नाही हो," ते म्हणाले. "पण मुलं येतात, बरं वाटतं. नाही म्हणवत नाही."

भाचा का आला नाही हे मी खरे तेच सांगितले. ते ऐकत राहिले. त्यांचा मुलगा इंजिनिअरिंगला होता आणि आतल्या खोलीत दार लोटून बसला होता. त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला कळलं कसं?"

"पान उलटत नव्हतं."

ते उठून आत गेले. परत आले तेव्हा खुर्चीत बसायचे विसरून उभेच राहिले. "कालचंच आहे," म्हणाले.

इकडे भाचा पहिल्या रविवारी जेवणवेळेपर्यंत झोपला. दुसऱ्या रविवारी मिठागरांच्या बांधावरून खाडीपर्यंत जाऊन आला. दोन्ही क्लास त्याने आपणच सोडले. मी पुस्तकाकडे बघायचे नाही असे ठरवले होते, पण एके दिवशी बायकोच म्हणाली, "गेली हो तुमची आकृती." त्या जागी समीकरणे आली होती.

मी त्याला विचारले, हे झाले कसे? त्यालाही नीट सांगता येईना. "रविवारी कुठे जायचं नाही हे माहीत असलं, की शनिवारी पण वाचता येतं," एवढेच म्हणाला. मला ते अजून पूर्ण उलगडलेले नाही.

तो परीक्षेला बसला. शेवटचा पेपर देऊन आला आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळीच चपला घालू लागला. भेटींचा पांढरा शर्ट खिळ्यालाच होता. अंगात घरातला चट्ट्यापट्ट्यांचा.

"कुठे रे?"

"बोरिवलीला."

"अरे, ते रिटायर झालेत. सांगितलं ना तुला? त्यांच्या हातात काही नाही."

"माहितीय मामा," तो म्हणाला. "त्यांच्या मुलाला भेटतो. कुठल्या पानावर आहे बघतो."