सून डिक्कीत आहे

माझ्या गाडीच्या डिक्कीत पाणी शिरतं हे मला एका गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये, तिच्या डोळ्यांदेखत कळलं.

मी पडदे शिवते. नागपूरच्या गांधीबागेतून कापड आणायचं, बेसातल्या आमच्या घरी शिवायचं आणि लोकांच्या घरी जाऊन स्वतः लावून द्यायचं, असं नऊ वर्षांपासून चाललंय. त्या बाई शाळेत शिकवायच्या. नवीन फ्लॅट, रविवारी वास्तुपूजा. मी स्टुलावर चढून पहिला पडदा उलगडला, तर दुधी रंगाच्या कापडावर खालून वीतभर उंचीला चहासारखी तपकिरी रेघ उमटलेली. ओल्या पोत्यासारखा वास हॉलभर पसरला.

"ताई, हे काय झालं?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडून झालं," मी म्हटलं. "शनिवारी संध्याकाळपर्यंत नवे लावून देते."

दिलेही. पण त्या दिवशी खाली येऊन मी डिक्कीतली मॅट उचलली आणि बघतच राहिले. स्टेपनी चार बोटं पाण्यात बसली होती.

गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि डिक्कीच्या दाराचं रबर गेलंय असं सांगितलं. नवीन रबर बसवलं. दोन दिवसांनी पाऊस झाला, पुन्हा तेवढंच पाणी. मी पुन्हा गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, गाडी जुनी आहे. पावसाळाभर डिक्कीत सामान नका ठेवू."

हे वाक्य मला लागलं. पडदे डिक्कीत नाही ठेवायचे तर काय डोक्यावर न्यायचे? नवरा म्हणाला, "मोठ्या गॅरेजात देऊन टाकू. आठवडाभर ठेवून घेतील, पण करून देतील." आठवडाभर गाडी नसणं मला परवडणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तोवर मला त्या पाण्याचा रागच आला होता.

"मी पाहते," मी म्हटलं.

"तू काय पाहशील?"

"पाणी कुठून येते ते."

त्या दिवसांत माझे सासरे आमच्याकडे होते. उमरेडकडच्या आमच्या गावाला ते अजून स्वतः धान लावतात. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांना नागपूरला आणलं होतं. ऑपरेशन होऊन महिना होत आला होता, तरी काळा चष्मा लावून ते दिवसभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचे आणि आभाळ पाहून पाहून वैतागायचे. मी डिक्कीतली मॅट, पुठ्ठा, स्टेपनी, जॅक सगळं अंगणात काढून ठेवलं, पाणी कपड्याने टिपलं, तेव्हा ते उठून जवळ आले.

"काय करून राहिली वं बाई?"

"मामाजी, डिक्कीत पाणी येते. कुठून येते ते समजत नाही."

त्यांनी वाकून आत पाहिलं. "पाणी जिथं दिसते नं, तिथून येत नाही ते. धानाच्या बांधीले खेकड्याचं बीळ एकीकडं असते अन् पाणी निघते दुसरीकडं. आमी पाण्यावर कोंडा टाकतो. कोंडा ज्या बाजूनं सरकला, तिकडं बीळ."

कोंडा काही डिक्कीत तरंगणार नव्हता. पण मी आतून टॅल्कम पावडरचा डबा आणला आणि डिक्कीच्या आतल्या सगळ्या पत्र्यावर, दिव्यांच्या मागे, चाकाच्या उंचवट्यावर पातळ थर मारला. पाणी जिथून उतरेल तिथे पावडरीवर रेघ पडणार. मामाजींनी मान हलवली. "हे बरं केलं."

मग मी ठरवलं की मीच आत बसायचं. मागच्या सीटची पाठ दुमडून तिच्या बाजूचा दरवाजा उघडा ठेवला, म्हणजे हवा राहील आणि वाटेल तेव्हा सरपटत बाहेर निघता येईल. मामाजींच्या डोळ्यांत पाणी उडू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांच्या हातात बागेचा लांब पाईप देऊन त्यांना दूर खुर्चीवर बसवलं. मी आतून एकदा ठोकलं की धार वर सरकवायची, दोनदा ठोकलं की थांबायचं. सुरुवात खालच्या बंपरपासून. एकदम टपावर पाणी सोडलं तर सगळीकडूनच ओघळतं आणि काहीच समजत नाही.

मी डिक्कीचं झाकण धाडकन बंद केलं. बॅटरी घेऊन मागच्या सीटवरून आत शिरले.

आत पाण्याचा आवाज फार मोठा येतो. पत्र्यावर कोणी वाळू फेकतंय असं वाटतं. मी गुडघे पोटाशी घेऊन बॅटरी फिरवत होते. बंपरजवळ कोरडं. एकदा ठोकलं. नवीन रबराच्या खालच्या कडेला कोरडं. ठोकलं. तेवढ्यात बाहेर कोणाचा तरी आवाज आला. शेजारचे गृहस्थ होते.

"काका, कोणाशी बोलून राहिले?"

"सुनेशी," मामाजी म्हणाले.

"सून कुठं आहे?"

"डिक्कीत आहे."

बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसत असेल, काळा चष्मा लावलेला म्हातारा बंद डिक्कीवर पाणी सोडतोय आणि आतून ठकठक येतेय, हे माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. "मी आहे भाऊ, काही काळजी नका करू," मी आतूनच ओरडले. ते गृहस्थ "बाप्पा!" एवढंच म्हणाले आणि मग गेटला टेकून तिथेच उभे राहिले.

धार डाव्या दिव्यावर आली आणि मला दिसलं. दिव्याच्या मागच्या कडेवरून एक थेंब फुगला, सुटला आणि पावडरीत बारीक काळी वाट करत सरळ स्टेपनीच्या खड्ड्यात उतरला. त्याच्या मागोमाग दुसरा. मी दोनदा ठोकलं. मग राहवलं नाही म्हणून आणखी दहा-बारा वेळा ठोकलं.

"सापडलं का वं?"

"सापडलं, मामाजी!"

दहा नंबरच्या पान्याने तीन नट सोडवले, दिवा बाहेर काढला. त्याच्या मागची फोमची चकती दाबून दाबून पापडासारखी झाली होती, एका जागी तुटलीही होती. तशी चकती कुठे मिळते हे मला माहीत नव्हतं. पण मी कापणारी बाई आहे. दिव्याची मागची बाजू कागदावर ठेवून आकार काढला, हार्डवेअरच्या दुकानातून पाणी न शोषणारा जाड फोम आणला आणि माझ्या कापडाच्या कात्रीने कापला. बसवला, नट आवळले. पुन्हा पाईप लावून पाहिलं. थेंब नाही. संध्याकाळी नवऱ्याला मी अगदी सहज सांगितलं, "झालं ते पाण्याचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस झाला. मॅट उचलली तर खड्ड्यात पाणी. पूर्वीच्या निम्मं असेल, पण पाणी.

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. नवरा वाकून खड्डा पाहून आत निघून गेला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मामाजी मात्र खुर्चीतून म्हणाले, "काहून बसली? बांधीले काय एकच बीळ राहते?"

मी उठले. हे खरंच होतं. अर्धं पाणी कमी झालं म्हणजे मी अर्धं काम बरोबर केलं होतं, चुकीचं नव्हे.

या वेळी उजव्या बाजूच्या चाकावरचं अस्तरही काढलं, नव्याने पावडर मारली आणि आत शिरले. दिवे झाले, रबर झालं, झाकणावरची काच झाली. सगळं कोरडं. मग धार टपावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझा पाय मुंग्यांनी भरून गेला. पाणी बंद करायला सांगावं असं वाटत असताना उजव्या कोपऱ्यात, अगदी वरून, पावडरीवर एक रेघ हळूच खाली येताना दिसली. ती चाकाच्या उंचवट्याला वळसा घालून मागच्या बाजूने खड्ड्यात गेली. इतक्या आडमार्गाने, की अस्तर असतं तर कधीच दिसली नसती.

बाहेर येऊन टपाच्या कडेची रबरी पट्टी नखाने उचलली. खाली नालीसारखी खोबण होती आणि तिच्यात कडुनिंबाची कुजलेली पानं दाबून बसली होती. पानं काढल्यावर पत्र्याच्या सांध्यावरचा मसाला केसभर तडकलेला दिसला. नखाच्या टोकाएवढी भेग. एवढ्यातून दोन बोटं पाणी.

मसाला भरायला सांधा कोरडा हवा आणि त्या आठवड्यात उघाड काही मिळेना. आम्ही गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली आणि मी दोन गिऱ्हाइकांकडे रिक्षाने पडदे नेले. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. जुना मसाला खरवडून काढला, जागा पुसली आणि गाडीच्या सांध्यांसाठी मिळतो तो सिलंट बोटाने दाबून दाबून भरला, शिवण पक्की करताना करते तसा थोडा पुढेमागे धरून. एक दिवस वाळू दिला, मगच पट्टी बसवली.

त्यानंतर लागून तीन दिवस पाऊस झाला. रोज सकाळी मी खड्ड्यात वर्तमानपत्र अंथरायची आणि संध्याकाळी काढायची. तिसऱ्या संध्याकाळी कागद हातात कुरकुरला. मी तो नवऱ्यासमोर धरला. त्याने दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, "मानलं बाप्पा तुले." पुढच्या सकाळी एका शाळेच्या कार्यालयाचे चौदा पडदे डिक्कीत भरून मी भर पावसात निघाले, आणि वाटेत एकदाही थांबून पाहिलं नाही.

मामाजींचा चष्मा सुटला तसे ते गावी निघून गेले; धानाची रोवणी तोंडावर होती. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"इकडं सारखा पडून राहिला. तिकडं?"

"इकडंही, मामाजी. काल रात्रीपासून."

"मंग, गाडी?"

"कोरडी आहे."

"बरं बरं," ते म्हणाले. मागून बायांच्या गाण्याचा आणि चिखलात पाय पडल्याचा आवाज येत होता. "ठेवतो वं बाई. रोवणीवाल्या आल्या."