गच्चीवरच्या ताईंचा गवती चहा

गच्चीवरच्या ताईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्या होत्या तोवर धीर झाला नाही. आता त्या नाहीत. निदान खरं काय घडलं ते लोकांना कळावं.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांची ओळख म्हणजे गवती चहा. गच्चीवर त्यांच्या पुदिना, ओवा, तुळस अशा बऱ्याच कुंड्या होत्या. अधूनमधून सकाळी प्रत्येकाच्या दाराच्या कडीला गवती चहाची जुडी अडकवलेली असे. आभार मानले की म्हणत, "चहा करून प्या. भाषण नको."

पावसाळ्यात नाकतोड्यांची पिल्लं यायची. पानं कडेनं कुरतडलेली दिसली की ताई उजाडताच वर जात. "आत्ता गारठलेली असतात. ऊन चढलं की हाती लागतात होय?" पंख न फुटलेली ती हिरवी पिल्लं पानामागून टिपून साबणाच्या पाण्यात टाकत. कोवळ्या रोपांवर जुनी मच्छरदाणी. औषध मात्र कधीच नाही. "पानं पोटात जातात, भाऊ."

माझ्याही कुंड्या वर होत्या. पिल्लं ताईंच्या कुंड्यांतूनच येतात, असं मी ठरवून टाकलं. एका संध्याकाळी कीटकनाशक आणून माझ्या पुदिन्यावर मारलं आणि उरलेलं त्यांच्या गवती चहावर. सकाळी सांगू म्हटलं. दार उघडलं तर कडीला जुडी. मी ती कचऱ्यात टाकली. इतरांची दारं वाजवली नाहीत.

त्याच दिवशी तळमजल्यावरच्या घरातल्या सुनेला उलट्या सुरू झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. ती वाचली. सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, "ताई, कुंड्यांना गटाराचं पाणी घालता का?" लोक हसले. मी अध्यक्ष. गच्ची रिकामी करा, असं मीच सांगितलं. ताई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, पिल्लं एका रात्रीत मेली हो सगळी." मी पाण्याच्या टाकीचा विषय काढला.

पुढे त्यांच्या हातचं कोणी काही घेईना. त्या मुलाकडे हिंजवडीला गेल्या.

एकदा सगळं सांगायचंच म्हणून तिकडे गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मंडईतून गवती चहा नेला. ताईंनी जुडी नाकाशी धरली, नळाखाली धरली, बराच वेळ धूत राहिल्या. मग चहा केला. आधी स्वतः प्यायल्या. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "बोला, भाऊ."

मी म्हणालो, "साखर जरा कमी चालली असती."