पाकिटावरचं चूलबंद

आमच्याकडे लग्नाच्या पाकिटावर नावाखाली 'चूलबंद' लिहिलं, की त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. सगळ्यांनी मांडवात जेवायला यायचं. नुसतं नाव असलं तर बोलावणं त्या एकट्याला. एवढ्या एका शब्दावरून माणसं जन्मभर रुसून बसतात.

बहिणीच्या लग्नाची पाकिटं छापायचा प्रोग्राम मी पर्ल या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. पोटापाण्यासाठी तेच करते, त्याचा तोरा होता. प्रोग्रामला मोड्यूल, म्हणजे वेगळा लिहिलेला भाग, जोडताना 'चूलबंद' सांगितलं, की त्यात मी लिहिलेल्या 'इम्पोर्ट' नावाच्या तुकड्यानं तो शब्द प्रत्येक पाकिटावर टाकायचा. छापून झाल्यावर एकही पाकीट निरखून पाहिलं नाही. अतिशहाणपणा नडला.

पहिलं पाकीट घेऊन बाबा सानगडीला काकाजींकडे गेले. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून सात वर्षं दोघा भावांचं बोलणं बंद. या लग्नात ते जुळावं, एवढीच बाबांची इच्छा. दुपारी परत आले ते तणतणतच.

"एकट्याचंच नाव काहून टाकलं? त्यानं वाचलं अन् काही बोललाच नाही. मी बी आलो उठून."

"तिथंच सांगाचं ना बाबा, चूक झाली म्हणून."

"माही चूक हाये का?"

मी लॅपटॉप उघडला. एरर एकही नाही. इम्पोर्टच्या आत मेसेज दाखवायची एक ओळ घातली, तर मेसेजही दिसेना. म्हणजे पर्ल तिथवर पोचतच नव्हता. मग नीट पाहिलं. इम्पोर्टच्या स्पेलिंगमध्ये मी पी आणि ओची अदलाबदल करून ठेवली होती. मोड्यूलमध्ये इम्पोर्ट सापडला नाही तर पर्ल तक्रार करत नाही, मुकाट पुढं जातो. आमच्या घरातल्या माणसांसारखाच. स्वतःचा असा संताप आला की चहाही गोड लागेना.

दोन अक्षरं बदलली, नवं पाकीट छापलं आणि स्कूटी काढली. काकाजी ओसरीत बसले होते, काकू दारात उभी.

"काकाजी, पाकिटावर चूलबंद राहून गेलं. माही चूक झाली."

त्यांनी नवं पाकीट वाचलं, काकूच्या हातात दिलं.

"बापानं पाठवलं का तुले?"

"नाही. मीच आली."

"तुह्या बापानं सात सालात एकदा 'माही चूक झाली' एवढं म्हटलं असतं, तं मी बिनापाकिटाचा आलो असतो."

काकाजींनी काकूच्या हातातलं पाकीट परत घेतलं आणि पुन्हा वाचलं.

"अन् म्यां तरी कोठं म्हटलं," ते म्हणाले.